शब्दांचे जन्मदाखले: 'ओके' कुठून आलं आणि कुठून आलं नाही

'ओके'ची एक गोष्ट व्हॉट्सअॅपवर कधी ना कधी येऊन जाते. अमेरिकेच्या यादवी युद्धात दिवसभर लढून छावणीत परतलेल्या तुकड्या म्हणे पाटीवर मेलेल्यांचा आकडा लिहायच्या. एकही सैनिक दगावला नसेल त्या दिवशी 'झीरो किल्ड', म्हणजे एक शून्य आणि पुढे 'के'. झालं ओके! गोष्ट झकास आहे, पण ते युद्ध सुरू झालं १८६१ साली आणि 'ओके' बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापून आलं १८३९ साली. बावीस वर्षं आधी.

अशा गोष्टींना तोटा नाही. ओबडाया केली नावाचा रेल्वेचा कारकून पार्सलांवर आपली आद्याक्षरं मारायचा, म्हणून ओके. ऑरिन केंडल नावाच्या बेकरीवाल्याची बिस्किटं सैनिकांना आवडायची, त्यांवर ओके छापलेलं असायचं. हैतीमधल्या ओ काय बंदराची रम उत्तम, म्हणून जे जे उत्तम ते ओके. ग्रीक मास्तर पोरांच्या वह्यांवर 'ओला काला', म्हणजे 'सगळं छान', असा शेरा द्यायचे. स्कॉटिश लोक 'ओख आय', म्हणजे 'हो तर', म्हणतात. आणि चॉक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीच्या भाषेतला 'ओके', अर्थ 'तसंच आहे'. या शेवटच्या गोष्टीवर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा इतका विश्वास होता की ते कागदपत्रांवर मुद्दाम 'ओकेएच' असं स्पेलिंग लिहायचे.

यातली कुठलीही गोष्ट ऐकली की मी आधी साल विचारतो. शब्द पहिल्यांदा छापून कधी आला आणि गोष्टीतली घटना कधी घडली? शब्दाचा जन्मदाखला गोष्टीपेक्षा जुना निघाला की गोष्ट तिथेच बाद. एवढ्या एका प्रश्नावर निम्म्याहून जास्त दंतकथा गळून पडतात. ज्या उरतात त्यांचं काय करायचं, हा खरा कठीण भाग.

'ओके'चा जन्मदाखला शोधून काढला कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक अॅलन वॉकर रीड यांनी. हा माणूस इरसाल होता. तरुणपणी त्यांनी सार्वजनिक शौचालयांच्या भिंतींवरचा मजकूर गोळा करून त्याचा कोश केला होता आणि तो १९३५ साली पॅरिसमध्ये खासगीरीत्या छापून घेतला होता, कारण अमेरिकेत कुणी छापायला धजलं नसतं. बोलीभाषा शोधायची तर जिथे ती खरोखर लिहिली जाते तिथे जायचं, हा त्यांचा खाक्या. 'ओके'साठी त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या. तेव्हा संगणक नव्हते. पान उलटायचं आणि डोळ्यांनी वाचायचं.

१९४१ साली त्यांनी पहिलं उत्तर दिलं: १८४० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. पण ते तिथे थांबले नाहीत. १९६३ आणि १९६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात त्यांनी लेखमाला लिहिली आणि स्वतःचंच उत्तर एका वर्षाने मागे ढकललं: बॉस्टन मॉर्निंग पोस्ट, २३ मार्च १८३९.

मजकूर अगदीच किरकोळ आहे. संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका पत्राच्या संपादकाला टोमणा मारताहेत. बॉस्टनमध्ये तेव्हा घंटा वाजवण्यावरून निघालेलं एक टवाळखोर मंडळ होतं. त्या मंडळाची स्वारी प्रॉव्हिडन्सवरून गेलीच तर तिथल्या संपादकाने खाण्यापिण्याची सोय कशी चोख ठेवावी, असा एकूण सूर. त्यात लहान लिपीत 'ओ.के.' असं येतं आणि त्याला लागूनच खुलासा येतो: 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळं बरोबर.

आता 'ऑल करेक्ट'ची आद्याक्षरं ए आणि सी. मग ओ आणि के कुठून आले? हाच तर विनोद. १८३८ च्या उन्हाळ्यापासून बॉस्टनच्या पत्रांमध्ये वाक्यांची आद्याक्षरं करायचं खूळ शिरलं होतं. 'पाहायचं काय होतंय ते' या अर्थाच्या 'रिमेन्स टू बी सीन'चं आर.टी.बी.एस., फालतू गोष्टीला 'स्मॉल पोटेटोज' म्हणत त्याचं एस.पी. लवकरच त्याचाही कंटाळा आला, तेव्हा आधी स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि मग आद्याक्षरं घ्यायची, अशी पुढची पायरी निघाली. 'ऑल राइट' ओ आणि डब्ल्यूने लिहून ओ.डब्ल्यू. 'नो गो', म्हणजे 'जमायचं नाही', यातला 'नो' केने सुरू करून के.जी. याच माळेत 'ऑल करेक्ट'चं ओ.के. बसलं. अडाण्याने लिहिल्यासारखं लिहायचं आणि हसायचं, असा शहरी लोकांचा हा चेष्टेचा प्रकार. म्हणजे जगातला बहुधा सर्वात जास्त बोलला जाणारा शब्द हा मुळात एक पाचकळ विनोद आहे, आणि ज्यात 'सगळं बरोबर' म्हटलंय त्याची दोन्ही अक्षरं चुकीची आहेत.

के.जी., ओ.डब्ल्यू. वगैरे मंडळी वर्षा-दोन वर्षांत मेली. ओके जगलं, कारण राजकारण. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा निवडणुकीला उभे होते. न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहुक हे त्यांचं गाव, म्हणून 'ओल्ड किंडरहुक' हे टोपणनाव, आणि त्याची आद्याक्षरं नेमकी ओ.के. समर्थकांनी लगेच न्यूयॉर्कमध्ये 'ओ.के. क्लब' काढला. विरोधी व्हिग पक्षाने तीच अक्षरं उलटी फिरवली: कॅश के ने लिहून 'आउट ऑफ कॅश', म्हणजे खडखडाट. शिवाय एक थाप सोडून दिली, की व्हॅन ब्यूरन यांचे गुरू आणि आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नाही, ते मंजूर कागदांवर 'ऑल करेक्ट' असं धेडगुजरी लिहून खाली ओ.के. करतात. व्हॅन ब्यूरन ती निवडणूक हरले. अक्षरं मात्र तोवर देशभर पोचली होती.

जॅक्सन यांची ती थाप पुढे किती चिवट ठरली ते पाहण्यासारखं आहे. १८५९ साली टेनेसीच्या इतिहासावरचं एक पुस्तक निघालं. त्यात १७९० च्या एका कोर्टाच्या नोंदवहीचा उतारा होता: वकील अँड्र्यू जॅक्सन यांनी एका गुलामाच्या खरेदीखताची शाबिती दिली, पुढे 'ओ.के.' झालं ना काम! बॉस्टनच्या पन्नास वर्षं आधी, आणि तेही खुद्द जॅक्सन यांच्या नावासह. मग कुणीतरी मूळ वही उघडून पाहिली. कारकुनाने घाईत लिहिलेला तो 'के' नव्हताच, 'आर' होता. ओ.आर., म्हणजे 'ऑर्डर्ड रेकॉर्डेड', नोंद करण्याचा हुकूम झाला. त्या काळच्या कोर्टाचा रोजचा शेरा. आपल्याकडे मोडीतले जुने कागद वाचणाऱ्यांना ही भानगड वेगळी समजावून सांगायला नको.

मग प्रश्न मिटला का? बराचसा. एक दावा मात्र मी बाकीच्यांच्या रांगेत बसवणार नाही. डेव्हिड डॅल्बी या ब्रिटिश भाषाभ्यासकाने मांडलं की पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेत 'वाव के'सारखा होकार आहे आणि तो गुलामांबरोबर अमेरिकेत आला असावा. पुराव्यादाखल १७८४ सालचं एका इंग्रजाचं प्रवासवर्णन आहे, त्यात एक गुलाम मालकाशी बोलताना 'के, मासा' म्हणतो ('मासा' म्हणजे 'मास्टर', मालक). पुरावा लंगडा आहे: 'के' म्हणजे 'ओके' नव्हे, आणि मधल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत काहीच सापडत नाही. पण रेल्वेच्या कारकुनाचं कागदावर काही न सापडणं आणि गुलामांचं न सापडणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. गुलामांचं बोलणं छापणार कोण होतं? बॉस्टनचा पुरावा भक्कम आहे म्हणून मी तो मानतो. वोलोफवाल्यांना खुळ्यात काढत नाही.

बोलीतल्या शब्दांची मुळं सापडत नाहीत त्याचं मुख्य कारण हेच. शब्द जन्मतो तबेल्यात, जुगाराच्या अड्ड्यावर, बराकीत, तालमीत. वर्तमानपत्रात तो येतो कितीतरी वर्षांनी, तेही एखाद्या बातमीदाराच्या कानावर पडला तर. म्हणजे जन्मदाखल्यावरची तारीख ही जन्माची नव्हेच, नोंदीची असते. आणि जो पहिल्यांदा छापतो त्याचं नाव राहतं; जो पहिल्यांदा बोलला तो गेला.

आता दुसरा शब्दप्रयोग, ज्यावर आपल्या लोकांचा हक्कच आहे असं वाटेल: 'द होल नाइन यार्ड्स'. अर्थ: अथपासून इतिपर्यंत सगळं. यार्ड म्हणजे वार, म्हणजे 'अख्खे नऊ वार'! मराठी वाचक जागच्या जागी नऊवारीपर्यंत पोचतो, आणि खरंच, साडीवरून हे आलं असंही सुचवलं गेलेलं आहे. एखाद्याने उद्या 'पेशवाईतून थेट अमेरिकेत' असा फॉरवर्ड केला तर मला नवल वाटणार नाही. पण हा शब्दप्रयोग ज्या गावांत पहिल्यांदा छापलेला सापडतो, तिथल्या शेतकऱ्याने नऊवारी नेसलेली बाई पाहिली असण्याचा संभव नाही.

अमेरिकेतली लाडकी गोष्ट दुसऱ्या महायुद्धाची आहे. लढाऊ विमानातल्या मशिनगनचा गोळ्यांचा पट्टा म्हणे सत्तावीस फूट, म्हणजे बरोबर नऊ वार. तो शत्रूवर पुरता रिकामा केला की 'अख्खे नऊ वार' दिले. दुसरी गोष्ट सिमेंट-काँक्रीटच्या ट्रकची, ज्यात नऊ घनयार्ड माल मावतो. तिसरी स्कॉटिश झग्याच्या कापडाची. चौथी शिडाच्या जहाजाची: तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर तीन आडव्या काठ्या, आणि जहाजावर त्या काठ्यांनाही यार्डच म्हणतात. प्रत्येक गोष्टीत नऊ बरोबर जुळतात, आणि इतक्या वेगवेगळ्या गोष्टींत नऊ जुळतात तिथेच पाल चुकचुकायला हवी.

बरीच वर्षं शोधणाऱ्यांना १९६० च्या आसपासचेच उल्लेख मिळत होते, त्यामुळे महायुद्धाची गोष्ट तग धरून होती. मग जुनी वर्तमानपत्रं स्कॅन होऊन इंटरनेटवर आली. आधी केंटकी राज्यातल्या शिकारीच्या मासिकात १९५६ चा उल्लेख निघाला. पुढे २०१२ मध्ये मोठा धक्का बसला. बॉनी टेलर-ब्लेक या मेंदूविज्ञानातल्या संशोधक, शब्द शोधणं हा त्यांचा छंद. त्यांना केंटकीच्याच माउंट व्हर्नन सिग्नल या गावठी पत्रात १९१२ सालचे उल्लेख मिळाले. त्यांतला एक तर मस्तच आहे. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षात थिओडोर रूझवेल्ट आणि टाफ्ट यांची जुंपली होती. डेमोक्रॅट लिहिणारा खुशीत म्हणतो, हे दोघे एकमेकांवर उलटले नसते तर त्यांच्या पक्षातली लबाडी आपल्याला कळलीच नसती. थांबा जरा, भांडण तापू द्या, म्हणजे ते 'अख्खे सहा वार' सांगतील.

सहा! नऊ नाही. १९२१ च्या दक्षिण कॅरोलिनातल्या एका मथळ्यातही सहाच. येल विद्यापीठाच्या कायदा ग्रंथालयातले फ्रेड शपिरो यांनी टेलर-ब्लेक यांच्या शोधाच्या आधाराने मांडलं की आकडा फुगत गेला. सहाचे नऊ झाले. अतिशयोक्तीत आकडे वाढतात, कमी होत नाहीत, हे कुठल्याही पारावर बसलेल्याला पटेल. एवढं स्थिरस्थावर होतंय तोच इंडियाना राज्यातल्या मिचेल गावच्या पत्रात १९०७ सालचा उल्लेख निघाला: गावची बेसबॉल टीम आज व्यापारी मंडळींशी खेळणार, व्यापाऱ्यांना झेपतील तेवढे डाव होतील, पण 'पुरे नऊ वार' होतील अशी हमी देता येत नाही. म्हणजे नऊ आधीपासून होतेच आणि सहाही शेजारी नांदत होते. यातून एक गोष्ट मात्र पक्की झाली. आकडाच पक्का नव्हता, तर तो मोजून घ्यायला गोळ्यांचा पट्टा, ट्रक, झगा किंवा साडी शोधण्यात अर्थ नाही. बहुधा कापड मोजून देण्यासारखी लांबलचक गोष्ट सांगणं, एवढीच मूळ कल्पना असावी. हे 'असावी' इथून पुढे सरकलेलं नाही.

संगणकावर शोधणं सोपं झालं असलं तरी त्यात खाचखळगे आहेत. पुसट छपाई यंत्राला वाचता येत नाही, म्हणून शब्द पानावर असूनही शोधात येत नाही. उलट, मासिकाचे पन्नास वर्षांचे खंड एकाच, पहिल्या वर्षाच्या नावाने नोंदवलेले असतात आणि १९५० चा शब्द १९०० चा वाटतो. त्यामुळे सापडलं म्हणून नाचण्याआधी पानाच्या माथ्यावरची तारीख डोळ्यांनी बघायची.

काही गोष्टी इतक्या सुबक असतात की त्यांच्यावर संशय घ्यायला जीव होत नाही. क्रीडाबातम्यांत 'अपसेट' हा शब्द आपल्याकडेही रुळलाय: दुबळ्याने बलाढ्याला हरवलं की अपसेट. १३ ऑगस्ट १९१९ रोजी सॅरटोगाच्या रेसकोर्सवर मॅन ओ वॉर हा घोडा हरला. एकवीस शर्यतींच्या कारकिर्दीतला त्याचा हा एकमेव पराभव, आणि त्याला हरवणाऱ्या घोड्याचं नाव होतं अपसेट. ही घटना शंभर टक्के खरी आहे! त्यावरून शब्द आला, असं क्रीडापत्रकार वर्षानुवर्षं लिहीत आले. न्यूयॉर्क विद्यापीठातले ग्रंथपाल जॉर्ज थॉम्पसन यांनी जुनी पत्रं काढली, तर १८७७ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये घोड्यांच्याच शर्यतीविषयी लिहिलेलं: आजच्या चारही शर्यतींत आवडते घोडे जिंकतील असं दिसतं, पण या खेळाचा नेम नाही, एखादा चकित करणारा अपसेट होऊ शकतो. त्या घोड्याचा जन्मही तेव्हा चाळीस वर्षं दूर होता.

आद्याक्षरांच्या गोष्टींबाबत तर सरळ नियमच करून टाकावा. शब्द विसाव्या शतकाआधीचा असेल आणि कुणी त्याची आद्याक्षरं उलगडून दाखवली, तर ती जवळपास नेहमी थाप असते. 'कॉप' म्हणजे 'कॉन्स्टेबल ऑन पेट्रोल' नव्हे. 'पकडणे' अशा अर्थाचं ते जुनं इंग्रजी क्रियापद आहे. ब्रिटिशांच्या 'पॉश'चंही तसंच. मुंबईला येताना बोटीच्या डाव्या बाजूची आणि परत जाताना उजव्या बाजूची सावलीतली केबिन घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावर म्हणे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याच्या चार आद्याक्षरांचा शिक्का असायचा. पी अँड ओ या बोट कंपनीचं असं एकही तिकीट आजवर निघालेलं नाही. ओके हा या नियमाला मोठा अपवाद, आणि बहुधा त्याच्यामुळेच लोकांना बाकीच्या थापा खऱ्या वाटतात.

'हॉट डॉग'ची गोष्ट थोडक्यात. न्यूयॉर्कच्या मैदानात १९०१ साली गरम सॉसेज विकताना बघून टॅड डॉर्गन या व्यंगचित्रकाराने चित्र काढलं. सॉसेजसारख्या लांबट 'डॅक्सहुंड' कुत्र्याचं स्पेलिंग येईना म्हणून नुसतं 'हॉट डॉग' लिहिलं. ते चित्र कुणालाच सापडलेलं नाही आणि डॉर्गन तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत नोकरीला होता. येलच्या विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत १८९५ सालीच 'हॉट डॉग' चघळणारी मुलं आहेत, न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या पत्रात तर १८९२ मध्ये. मूळ काय? सॉसेजमध्ये कुत्र्याचं मांस घालतात हा त्या काळचा सर्रास विनोद, आणि तो पूर्ण निराधारही नव्हता. खाद्यकंपन्यांना व्यंगचित्रकाराची गोष्ट जास्त आवडली, यात नवल ते काय.

न्यूयॉर्कला 'बिग अॅपल' का म्हणतात, यात मला सगळ्यात जास्त रस वाटतो, कारण इथे आपण बोलणाऱ्याच्या अगदी उंबऱ्यापर्यंत जातो. इव्ह नावाच्या बाईच्या कुंटणखान्याची एक चावट गोष्ट सांगितली जाते, ती सोडून द्या. प्रा. जेराल्ड कोहेन आणि बॅरी पॉपिक यांनी खरा माग काढला. पॉपिक यांची नोकरी तेव्हा न्यूयॉर्क शहरात पार्किंगच्या दंडाच्या तक्रारींवर निवाडे देण्याची. उरलेला वेळ ग्रंथालयात मायक्रोफिल्मसमोर. त्यांना मॉर्निंग टेलिग्राफमधला रेसचा स्तंभलेखक जॉन फिट्झ गेराल्ड सापडला. १९२१ पासून तो हा शब्द वापरतो आणि १९२४ मध्ये स्तंभालाच ते नाव देतो. मुख्य म्हणजे कुठे ऐकला तेही तो लिहून ठेवतो. न्यू ऑर्लीन्सच्या रेसकोर्सवर दोन कृष्णवर्णीय मोतद्दार घोडे फिरवत होते. एकाने विचारलं, इथून पुढे कुठे? दुसरा ऐटीत म्हणाला, बिग अॅपलला. त्यावर पहिला: मग आधी या हडकुळ्या घोड्यांना काहीतरी खाऊ घाल, नाहीतर त्या सफरचंदातला नुसता गाभाच हाती लागेल.

इतका नेमका संवाद लिहून ठेवणाऱ्या फिट्झ गेराल्डने त्या दोघांची नावं लिहिली नाहीत. तो जिथे राहायचा त्या ब्रॉडवे आणि ५४ व्या रस्त्याच्या नाक्याला शहराने १९९७ मध्ये 'बिग अॅपल कॉर्नर' नाव दिलं. मोतद्दारांना सफरचंदच का सुचलं, तर घोड्यांना ते आवडतं म्हणून, असा अंदाज आहे आणि तो बरा अंदाज आहे.

राहता राहिला 'जॅझ'. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने ज्याला विसाव्या शतकाचा शब्द ठरवलं, तो शब्द. संगीत न्यू ऑर्लीन्सचं, म्हणून शब्दही तिथलाच असं सगळे धरून चालतात. पण न्यू ऑर्लीन्सच्या पत्रांत तो १९१६ च्या अखेरीस दिसतो. शिकागोत त्याच्या आधी, १९१५ मध्ये. त्याही मागे गेलं तर थेट पश्चिम किनारा: मार्च १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को बुलेटिनचा क्रीडाबातमीदार स्कूप ग्लीसन बेसबॉल संघाच्या सराव शिबिरातून 'जॅझ' लिहू लागतो, आणि अर्थ सांगतो जोश, दम, उत्साह. संगीताचा संबंध नाही. पुढे ग्लीसनने सांगितलं की फाशांच्या जुगारात लोक फासे टाकताना असं ओरडतात, हे त्याला एका सहकाऱ्याकडून कळलं. १८६० सालच्या एका कादंबरीत 'जॅझम' असा जोशाच्याच अर्थाचा शब्द आहे. काही अभ्यासक दोन्हींची सांगड घालतात.

आतापर्यंतचा सगळ्यात जुना पक्का उल्लेख आहे २ एप्रिल १९१२ च्या लॉस एंजेलिस टाइम्समधला. तोही थॉम्पसन यांनीच शोधलेला. पोर्टलंड संघाचा बेन हेंडरसन हा गोलंदाज सांगतोय की यंदा त्याने एक नवा वळणारा चेंडू काढलाय. तो डुगडुगत येतो आणि समोरच्याला काही म्हणजे काही करता येत नाही, म्हणून त्याने त्याचं नाव 'जॅझ बॉल' ठेवलंय. बातमीदाराने त्याला शब्द कुठून आणला हे विचारलेलं दिसत नाही. त्याला काळजी वेगळीच होती. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एखाद्या ठोंब्याने 'जॅझ'चं 'जॅग', म्हणजे दारूची झिंग, करून ठेवू नये, असं तो लिहितो आणि वर म्हणतो, चेंडू डुगडुगत असेल तर तेच बरोबर असेल म्हणा.